कोरडं ठेवणं

जूनमध्ये मिस्टर ॲक्रॉइड यांनी ढकलगाडीतून उतारावरून आणल्या
एकोणीस मातीच्या कुंड्या, दोन खेपांत.
सगळ्या रिकाम्या.
"रिकाम्या नाहीत," ते म्हणाले, "झोपल्यात."
त्यांचं नवं घर दुसऱ्या मजल्यावर, कालव्याकडे तोंड करून.
खिडकीच्या कठड्यावर फार तर एक कप मावेल.

मी त्यांना ओळखायचे ते अंगठ्यावरून.
उजव्या पायाचा, वर्षातून दोनदा वांग्यासारखा सुजणारा.
औषधांच्या दुकानात मी त्यांच्या गोळ्या मोजायची,
कोल्चिसिनच्या, बारीक, पांढऱ्या.
"हे या कंदांतलंच," चिठ्ठीवर बोट ठेवत ते म्हणाले होते,
"मी लावतो, तुम्ही मोजता."

सोबत पेन्सिलीने लिहिलेला कागद:
ऑगस्ट सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.
वर काच. ऊन मिळावं म्हणून नव्हे,
पाऊस लागू नये म्हणून.
फेब्रुवारीत पानं येतील, रुंद, बेढब, कुणी बघायला थांबणार नाही अशी.
मे महिन्यात पिवळी पडून लोळतील.
कापायची नाहीत, गाठ मारायची नाही,
सप्टेंबर त्यांच्याच कमाईवर जगतो.

मी म्हसवडची.
भांडी विसळलेलं पाणी आई दोडक्याच्या वेलाला घालायची,
आणि वेलाला सांगायची, आज एवढंच हं.
झाडावर माया म्हणजे पाणी,
दुसरी कुठली माया मला कुणी शिकवली नव्हती.
आणि इथे टॉडमर्डनमध्ये,
जिथे दोरीवरचा टॉवेल ओलाच पुढच्या पिढीकडे जातो,
मी चार फळ्या आणि जुन्या खिडकीची काच जोडून
दीड मीटर दुष्काळ तयार केला.
त्याची राखण केली.
रात्री झारी घेऊन दोनदा बाहेर गेले,
दोनदा भरलेली झारी परत आणली.

रविवारी फोन यायचा.
"पाणी घातलंत?"
"नाही."
"शाबास."
काहीच न केल्याची शाबासकी
मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मिळाली.

मग काच काढली. एकदाच, भरपूर पाणी.
अकराव्या दिवशी खडीतून पांढरी नाकं.
पान नाही, फांदी नाही, कुणाची ओळखपाळख नाही,
भुईचाफ्यासारखी थेट जमिनीतून उठलेली
जांभळी फुलं, डोंगरावरच्या थंडीची सवय असलेली
आणि आमच्या अंगणातल्या वाऱ्यात लगेच आडवी झालेली.
पहिल्या रात्री गोगलगायींनी चार खाल्ली.
मी टॉर्च घेऊन, शालीवर रेनकोट चढवून,
एकेक उचलून भिंतीपलीकडे सोडली.
सकाळी बहुतेक त्याच परत आल्या होत्या.

शेजारची ओटिली विचारते, हे केशर का?
मी तिला गुडघ्यावर बसवते. आत बघ, मोज.
पुंकेसर तीन असले तर क्रोकस,
सहा असले तर हात धुवायचे.
ती मोजते. पुन्हा मोजते.
हात धुवायला पळते, आनंदाने.
कोपऱ्यातली पिवळी, तुर्कस्तानच्या कड्यांवरची,
काही बोललेली नाही. तीन वर्षं घेते म्हणे.
मीही विचारत नाही.

कागदावर मात्र कंद वीस होते.

विसावा ऑक्टोबरमध्ये सापडला, दुकानाच्या खणात,
जुन्या चिठ्ठ्यांच्या खाली.
मे महिन्यात त्यांनी नमुना म्हणून दिला होता.
कागदी पिशवी त्याने आतूनच फाडली होती.
माती नाही, पाणी नाही, पाणी न घालणारंही कुणी नाही,
आणि खणाच्या फटीकडे मान वळवून
एक फूल, उकडलेल्या दुधासारखं फिकट.

त्याच दिवशी ते आले, लंगडत, छत्री निथळत.
मी ते गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवलं.
त्यांनी चष्मा चढवला, पाकळी बाजूला केली.
"सहा," म्हणाले. "कुठे ठेवला होतात?"
"विसरले होते."

जरा वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले.
"त्याला तेही चालतं," म्हणाले,
आणि गोळ्या घेऊन गेले.